रेडिओ आणि संगणक यांच्यामधली तार

हॅम रेडिओवाली दोन माणसं भेटली की पहिली काही मिनिटं अँटेनावर जातात आणि मग गाडी ठरलेल्या ठिकाणी येऊन अडते: सेट कॉम्प्युटरला कसा जोडलाय? सिरियलने, यूएसबीने, मध्ये डबी लावून की थेट? प्रश्न नुसत्या वायरचा वाटतो. पण चाळीस वर्षं त्यावर वाद चालू आहे, दर दहा वर्षांनी त्याचं रूप बदलतं आणि निकाल काही लागत नाही. त्या वादात आज कोण कुठे उभं आहे, कशावर एकमत झालंय आणि काय अधांतरी आहे, ते इथे मांडायचं आहे.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम किंवा हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर स्वतःचं प्रक्षेपण केंद्र चालवणं. धंदा करायचा नाही, करमणुकीचे कार्यक्रम लावायचे नाहीत. भारतात परीक्षा आणि परवाना दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे असतो. बारा वर्षांच्या पुढचं कुणीही परीक्षेला बसू शकतं. पास झालं की व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉल साइन मिळतं.

हा आढावा पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तिथे एका जागी सापडतात. चाळीस मीटर बँडचा साधा डायपोल अँटेना वीस मीटर लांब होतो. पुण्यात त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगला तोंड द्यावं लागतं, इथे बांधावर दोन बांबू उभे केले की काम झालं. शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव एका अंगाने ऊस-कांद्याच्या शेतात आहे आणि दुसऱ्या अंगाने सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पट्ट्याजवळ. जुन्या सीएनसी मशीनमध्ये प्रोग्रॅम भरायला लागते तीच सिरियल केबल हॅमवाल्याच्या टेबलावर असते. म्हणजे ही केबल दुरुस्त करू शकणारा माणूस या भागात शोधावा लागत नाही, तो पहिल्या शिफ्टला गेलेला असतो. उरली वीज आणि अर्थिंग. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहायचंच आहे.

तारेआधीचा काळ

देशातल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना १९४८ साली महूच्या लष्करी सिग्नल्स स्कूलमध्ये उभी राहिली. पण मुंबईचा धागा त्याहून जुना. १९४२च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या गुप्त काँग्रेस रेडिओमागे उषा मेहतांच्या बरोबरीने नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओचं तंत्र जाणणारे गृहस्थ होते. दुसरं महायुद्ध लागल्यावर सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. असलेल्या सुट्या भागांतून जुळवाजुळव करणं, ही या छंदाची सवय तेव्हापासूनची.

पुढची कित्येक वर्षं परदेशी सेट आवाक्याबाहेर होते. बरेच जण लष्करी भंगारातले संच दुरुस्त करून नाहीतर स्वतः बांधून वापरत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं, ते आवाजावर आणि मोर्सच्या कडकट्टवर. सेट आणि संगणक यांची सोयरीक परदेशात तोवर झाली होती, पण इकडे तिची गरज भासावी अशी परिस्थिती नव्हती. आजच्या वादात एक बाजू या आठवणीतूनच बोलते, म्हणून एवढं सांगितलं.

तीन कंपन्या, तीन भाषा

आरएस-२३२ हे सिरियल जोडणीचं मानक १९६०च्या दशकातलं. त्याची प्रसिद्ध ‘सी’ आवृत्ती १९६९ची. नऊ पिनांचं सिरियल पोर्ट घरोघर गेलं ते १९८४च्या आयबीएम पीसी-एटीपासून. त्याच सुमारास येसू, आयकॉम आणि केनवुड या तिन्ही जपानी कंपन्यांनी आपापल्या सेटला संगणकासाठी एक छिद्र ठेवलं. फ्रिक्वेन्सी बदलणं, मोड बदलणं, सेट प्रक्षेपणावर टाकणं ही कामं तारेवरून होऊ लागली. येसूने याला ‘कॅट’ म्हटलं आणि पुढे हे नाव सगळ्यांच्याच पद्धतीला चिकटलं.

अडचण व्होल्टेजची होती. आरएस-२३२मध्ये ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. रेडिओच्या आतलं सर्किट मात्र शून्य ते पाच व्होल्टात बोलणारं. मध्ये बदल करणारी डबी हवीच. येसूची एफआयएफ-२३२सी, आयकॉमची सीटी-१७, केनवुडची आयएफ-२३२सी या त्या डब्या. किंमत ऐकून आपल्याकडच्या माणसाने ती घरी बांधली नसती तरच नवल. सोळा पायांची मॅक्स-२३२ ही आयसी, चार कपॅसिटर आणि पाच व्होल्टचा पुरवठा एवढ्यात काम भागतं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. संध्याकाळी माल आणला की रात्री सोल्डर.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आजतागायत आहे. समजा सेट १४.०७४ मेगाहर्ट्झवर न्यायचा आहे. केनवुडला वाचता येईल असा मजकूर पाठवायचा: एफ, ए, मग ०००१४०७४००० हे अकरा आकडे आणि शेवटी अर्धविराम. डोळ्यांनी वाचलं तरी कळतं. येसूच्या एफटी-८१७ला पाच बाइट लागतात: ०१ ४० ७४ ०० आणि शेवटी ०१. पहिले चार फ्रिक्वेन्सीचे, शेवटचा ‘फ्रिक्वेन्सी लाव’ हा हुकूम. आयकॉमचा आयसी-७३०० घेतला तर एफई एफई ९४ ई० ०५ ०० ४० ०७ १४ ०० एफडी. यात ९४ हा त्या मॉडेलचा पत्ता, ई० संगणकाचा, ०५ हुकूम, आणि फ्रिक्वेन्सीच्या जोड्या उलट्या क्रमाने, शेपटाकडून डोक्याकडे. पत्ता कशाला? तर आयकॉमच्या पद्धतीत एकाच तारेवर अनेक सेट टांगता येतात आणि ज्याचा पत्ता असेल तोच ओ देतो. कल्पना देखणी आहे. पण पत्ता चुकला तर कुणीच ओ देत नाही आणि नवखा माणूस केबल बदलत बसतो.

येसूने पुढच्या बऱ्याच मॉडेलांत पाच बाइटांची पद्धत सोडून केनवुडसारखी अर्धविरामाची पद्धत धरली. अमेरिकेच्या एलेक्राफ्टनेही तीच वाट धरली. तरी हुकमांची यादी प्रत्येकाची वेगळीच राहिली.

यूएसबी आलं, सिरियल आत गेलं

यूएसबीचं मानक १९९६चं. २०००च्या दशकात लॅपटॉपवरची नऊ पिनांची जागा गायब होत गेली आणि ‘यूएसबी टू सिरियल’ केबल हा नवा जिन्नस बाजारात आला. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाच्या प्लास्टिकमध्ये एक चिप: एफटीडीआय, प्रोलिफिक, सिलिकॉन लॅब्ज नाहीतर चीनची सीएच-३४०. संगणक या चिपला नवं कॉम पोर्ट समजतो आणि पलीकडे जुनंच सिरियल चालू राहतं.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. यूएसबी आल्यावर सिरियल गेलं असा समज पसरला, पण ते गेलं नाही. आधी केबलच्या टोकात शिरलं, नंतर रेडिओच्या पोटात जाऊन बसलं. २०१०च्या आसपासपासून केनवुड टीएस-५९०सारख्या सेटवर आणि २०१६पासून गाजलेल्या आयकॉम आयसी-७३००वर थेट यूएसबीचं चौकोनी भोक आलं. प्रिंटरला लागते तीच केबल. पण ती लावल्यावर संगणकात दिसतं काय? कॉम पोर्ट. बॉड रेट निवडायचा, तो सेटच्या मेन्यूतल्या आकड्याशी जुळवायचा, सगळं १९८४सारखंच. येसूच्या नव्या सेटची केबल लावली तर एकाऐवजी दोन पोर्ट उगवतात, एक ‘एन्हान्स्ड’ आणि एक ‘स्टँडर्ड’. हुकूम पहिल्यावर चालतात, प्रक्षेपणाची कळ दुसऱ्यावर. हे मॅन्युअलच्या कोपऱ्यात असतं, म्हणजे नसल्यातच जमा.

चिप प्लास्टिकच्या आत गेली आणि ती कोणाची हे पाहण्याची सोय संपली. याची किंमत २०१४च्या ऑक्टोबरमध्ये कळली. एफटीडीआय कंपनीचं नवं ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आलं आणि त्याने नकली चिपांची ओळखच शून्यावर नेऊन ठेवली. काल चालणाऱ्या केबली आज मेल्या. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं, पण २०१६मध्ये दुसरा प्रकार: नकली चिप असेल तर डेटाच्या जागी ‘हे अस्सल नाही’ असा मजकूर तारेवर सोडायचा. प्रोलिफिकनेही जुन्या चिपांना नव्या ड्रायव्हरमध्ये जागा ठेवली नाही. विंडोज ११वर जुनी केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती २०१२पासून बंद झाल्याचा संदेश दिसतो. कंपन्यांची बाजूही खरी आहे. त्यांच्या नावावर नकली माल खपत होता आणि मदतीसाठी फोन त्यांनाच येत होते. पण भुर्दंड पडला तो केबलवर कोणती चिप आहे हे न लिहिणाऱ्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला.

लिनक्सवर वेगळीच गंमत. उबंटू २२.०४मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्रांना हाताळणारी बीआरएलटीटीवाय नावाची सेवा सीएच-३४० चिपला ब्रेल यंत्र समजून पळवते. पोर्ट दिसतं आणि पुढच्या क्षणी नाहीसं होतं. उपाय एका ओळीचा आहे, कारण कळायला मात्र आठवडा जातो.

दुसरी तार, आवाजाची

इथवरची गोष्ट हुकमांची. प्रश्नाला खरी धार आली ती आवाजामुळे. १९९८मध्ये इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-३१ ही पद्धत खुली केली. टंकलेला मजकूर साउंड कार्ड सुरांत बदलतं, रेडिओ ते सूर पाठवतो, पलीकडचं साउंड कार्ड त्यातून अक्षरं काढतं. वेगळं मॉडेम लागत नाही. मग हुकमांच्या तारेबरोबर आवाजाच्या दोन तारा आल्या, एक जाण्याची, एक येण्याची.

२०१७ साली आलेल्या एफटी-८ या पद्धतीने सारा नकाशा बदलला. हिच्या निर्मात्यांपैकी जो टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, जोड-पल्सारच्या शोधासाठी. पंधरा सेकंदांचा एक फेरा, पन्नास हर्ट्झची रुंदी, आणि कानाला नुसती खरखर ऐकू येत असताना त्यातून कॉल साइन काढणारं गणित. शेतातल्या साध्या डायपोलवरून, कमी वॉटात, ब्राझीलपर्यंत पोहोचता येतं ते यामुळे. एफटी-८ला संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आसपास बरोबर लागतं. मोबाइलची रेंज नसेल तर यूएसबी जीपीएस लावून वेळ घ्यायची. तो जीपीएस संगणकात दिसतो, अर्थात, आणखी एक कॉम पोर्ट म्हणून.

आयसी-७३००च्या चौकोनी भोकामागे सिरियल चिपबरोबर एक साउंड कार्डही बसवलेलं आहे. त्यामुळे एका केबलवर दोन्ही कामं होतात. सगळ्या सेटना ही सोय नाही. येसू एफटी-८९१वर यूएसबी आहे पण साउंड कार्ड नाही. हुकूम जातात, आवाजासाठी वेगळी डबी घ्यावी लागते. विकत घेताना हा फरक विचारला जात नाही आणि घरी आल्यावर कळतो.

कोण काय म्हणतं

पहिली बाजू एका केबलवाल्यांची. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तारा जेवढ्या कमी तेवढे बिघाड कमी. आवाजाची पातळी कारखान्यातच जुळवलेली, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी यश. शाळा-कॉलेजच्या क्लबमध्ये वर्षाला मुलं बदलतात, तिथे हाच युक्तिवाद चालतो. त्यांना टोचणारा एकच काटा: विंडोज त्या साउंड कार्डला स्वतःचा स्पीकर समजतं. मग ईमेल आल्याची ‘टिंग’ चौदा मेगाहर्ट्झवर जगभर जाते. सेटिंग एकदा बदललं की थांबते, पण अपडेट आल्यावर परत सुरू होऊ शकते.

दुसरी बाजू डबीवाल्यांची. सिग्नालिंक, रिगब्लास्टर किंवा घरी बांधलेली. आवाजाच्या वाटेवर ६०० ओहमचे दोन ट्रान्सफॉर्मर, प्रक्षेपणाच्या कळीसाठी एक ऑप्टोकप्लर. म्हणजे संगणक आणि रेडिओ यांच्यात विजेचा थेट संबंधच ठेवायचा नाही, पलीकडे फक्त सूर आणि खूण जाते. ही मंडळी म्हणतात की रेडिओ वीस वर्षं टिकतो, त्याच्या पोटातली यूएसबी चिप तेवढी टिकेल का? डबी बिघडली तर बदलता येते. सेटच्या बोर्डावरची चिप जळली तर सेट पार्सल करावा लागतो, आणि त्याची सर्व्हिस गावोगाव मिळत नाही.

तिसरी बाजू संगणकच नको म्हणणाऱ्यांची. त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण युक्तिवाद दोन आहेत आणि दोन्ही वजनदार. एक आपत्तीचा: वीज, लॅपटॉप, ड्रायव्हर, घड्याळ, एवढ्या गोष्टी शाबूत असतील तरच चालणारी साखळी पुराच्या रात्री काय कामाची? यावर डिजिटलवाले सांगतात की औषधांची यादी आणि माणसांची नावं तोंडी सांगताना चुका होतात, विनलिंकसारख्या रेडिओ-ईमेल पद्धतीने ती अक्षरशः जशीच्या तशी पोहोचते. दुसरा युक्तिवाद छंदाच्या स्वरूपाचा: एफटी-८वर दोन संगणक एकमेकांशी बोलतात, माणूस फक्त बघतो. खुद्द एफटी-८च्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी याची दखल घेतलेली दिसते. माणसाचा हात काही वेळ लागला नाही तर प्रक्षेपण थांबवणारा पहारेकरी त्यांनी आतच ठेवला आहे.

चौथी बाजू नेटवर्कवाल्यांची, ती शेवटाकडे पाहू.

अर्थिंग, खरखर आणि फेराइटचा मणी

वरच्या पहिल्या दोन बाजूंचा निवाडा पुण्यातल्या टेबलावर होत नाही, तो तळेगाव ढमढेरेसारख्या ठिकाणच्या भिंतीतल्या सॉकेटवर होतो.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते. सॉकेटला तिसरं भोक आहे पण मागे वायर जोडलेलीच नाही, किंवा जोडलेली आहे आणि अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलाय, अशी घरं थोडी नाहीत. मग ती वीज लॅपटॉपच्या धातूवर तरंगते. हाताला मुंग्या येतात त्या याच. आता या लॅपटॉपला यूएसबी केबलने रेडिओ जोडा, रेडिओ अँटेनाच्या केबलमधून बाहेरच्या अर्थ-रॉडला जोडलेला. झिरपणाऱ्या विजेला वाट मिळाली, आणि ती वाट यूएसबीच्या जमिनीच्या तारेतून जाते. परिणाम सौम्य असेल तर प्रक्षेपणात घूं असा आवाज, वाईट असेल तर पोर्ट जळतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि घूं थांबलं, तर दोष कुठे आहे हे एका क्षणात कळतं. याहून स्वस्त तपासणी नाही.

दुसरा प्रकार उलट दिशेचा. शंभर वॉटचं प्रक्षेपण सुरू झालं की यूएसबी केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेनाचं काम करू लागते. त्यातून आलेला प्रवाह संगणकाला गोंधळवतो, ‘डिव्हाइस डिस्कनेक्टेड’ची टुंग वाजते, हुकूम पोहोचत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रक्षेपण थांबवण्याचा हुकूमही पोहोचत नाही. सेट अडकून राहतो. उपाय म्हणून केबलला फेराइटचे मणी चढवतात, चढवताना केबलचे चारपाच वेढे त्यातून घेतात, केबल आखूड ठेवतात. आणि मुळात डायपोलच्या मध्यावर चोक बसवून प्रवाह घरात येऊच देत नाहीत. अनुभवी माणूस शेवटच्या उपायापासून सुरुवात करतो, नवखा पहिल्या मण्यापासून.

तिसरा प्रकार ऐकण्याचा. रेडिओ खगोलशास्त्राची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, याच पुणे जिल्ह्यात खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे उभ्या करताना गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टींत रेडिओची खरखर कमी असणं ही एक होती. तीच शांतता शिरूरच्या शेतातल्या हॅमला हवी असते. पण स्वस्त एसएमपीएस, एलईडी दिवे, सोलर पंपांचे कंट्रोलर, कारखान्यातल्या मोटरींचे ड्राइव्ह हे सगळे खालच्या बँडवर गुरगुरतात. त्यात यूएसबी केबल आपली भर घालते ती थेट सेटच्या पाठीशी.

या सगळ्यावर तांत्रिक उत्तर आहे. यूएसबीची वाट चुंबकीय जोडणीने तोडणारी एडीयूएम-३१६० किंवा ४१६० ही चिप १२ मेगाबिटपर्यंत विजेचा संबंध न ठेवता डेटा नेते, आणि सेटमधली सिरियल चिप, साउंड कार्ड दोन्ही त्या वेगात बसतात. अशी डबी एका केबलच्या मध्ये लावली की पहिल्या बाजूची सोय आणि दुसरीची सुरक्षितता दोन्ही पदरात पडतात. ही चिप सेटच्या आतच बसवायला हवी होती, असं मला वाटतं. बहुतेक उत्पादक ती बसवत नाहीत.

एक पोर्ट, अनेक मागणीदार

विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. लॉगबुकला फ्रिक्वेन्सी हवी, एफटी-८च्या प्रोग्रॅमला सेटचा ताबा हवा, नकाशालाही काही हवं. यावर तीन तोडगे रूढ आहेत. ऑम्नी-रिग नावाचा मध्यस्थ पोर्ट एकटा धरतो आणि बाकीच्यांना वाटून देतो. २०००पासून चाललेला हॅमलिब हा मुक्त प्रकल्प शेकडो सेटच्या भाषा शिकून बसला आहे आणि नेटवर्कच्या ४५३२ क्रमांकाच्या दारावर सगळ्यांचे हुकूम घेतो. तिसरा तोडगा आभासी पोर्टांच्या जोड्या, ज्या चालतात तोवर सुंदर चालतात.

एक धोक्याची सूचना इथेच. सिरियल पोर्टच्या आरटीएस आणि डीटीआर या दोन पिना प्रक्षेपणाची कळ म्हणून वापरायची जुनी पद्धत आहे. लिनक्समध्ये पोर्ट उघडताक्षणी दोन्ही पिना वर जातात. म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताच सेट प्रक्षेपणाला जाऊ शकतो. अँटेना काढलेली असताना हे घडलं तर काय होतं, ते ट्रान्झिस्टरची किंमत माहीत असलेल्याला विचारावं.

आपल्याकडचं काम

या क्षेत्रात भारताने नुसतं वापरलेलं नाही, दिलंही आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांचा बिटएक्स हा कमी खर्चात बांधायचा ट्रान्सीव्हर जगभर गेला. २०१७च्या अखेरीस आलेल्या मायक्रो-बिटएक्समध्ये अर्डुइनो नॅनो आहे, त्याच्या यूएसबीवर सेट संगणकाशी बोलतो, आणि बोलतो तो येसू एफटी-८१७च्या भाषेत. नवी भाषा काढण्याऐवजी जी भाषा सगळ्या प्रोग्रॅमना आधीच येते ती उचलली. मला हा निर्णय कुठल्याही बड्या कंपनीच्या धोरणापेक्षा शहाणपणाचा वाटतो. पुढच्या एसबिटएक्समध्ये तर रास्पबेरी पाय सेटच्या आतच आहे. तिथे आपल्या तारेचा प्रश्नच उरत नाही.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयं’ हा छोटा उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने वर गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. अशा उपग्रहांचे हौशी बँडमधले संकेत ऐकताना तारेचं खरं मोल कळतं. खालच्या कक्षेतला उपग्रह डोक्यावरून जाताना ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा त्याचा संकेत डॉपलरमुळे दहा किलोहर्ट्झपर्यंत वर-खाली सरकतो. पाचदहा मिनिटांच्या त्या फेरीत हाताने बटण फिरवत राहणं जिकिरीचं. संगणक कक्षेचं गणित करतो, सिरियलवरून सेटला फ्रिक्वेन्सी सांगतो, दुसऱ्या सिरियलवरून अँटेना फिरवतो. संगणक नको म्हणणारी मंडळीसुद्धा इथे फारसा वाद घालत नाहीत.

अधांतरी काय

समान भाषा नाही आणि ती होईल अशी चिन्हंही नाहीत. हॅमलिबसारखे दुभाषे आहेत म्हणून कंपन्यांवर दबाव येत नाही, आणि दबाव नाही म्हणून दुभाष्यांचं काम संपत नाही. प्रत्येक नव्या मॉडेलनंतर काही स्वयंसेवक रात्री जागतात.

चिपच्या आयुष्याचा प्रश्नही तसाच. आरएस-२३२चं जुनं पोर्ट असलेला नव्वदीतला सेट आज नव्या केबलने विंडोज ११ला जोडता येतो, कारण बदलायचं ते बाहेर आहे. आज पोटात यूएसबी चिप असलेला सेट २०४५ साली तेव्हाच्या संगणकाला जोडता येईल का, हे चिप बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

नेटवर्कवाले म्हणतात, सिरियल आणि यूएसबी दोन्ही सोडा. फ्लेक्सचे सेट इथरनेटवर चालतात, आयकॉम आयसी-७६१०ला लॅनचं सॉकेट आहे, २०२०च्या आयसी-७०५ला वायफाय आहे. लॅनच्या सॉकेटात ट्रान्सफॉर्मर असतोच, त्यामुळे घूं आणि जळलेलं पोर्ट हे दोन्ही त्रास बरेच कमी होतात. ड्रायव्हरही लागत नाही. मुद्दे खरे आहेत. पण प्रत्येकाचा नेटवर्कवरचा व्यवहार पुन्हा वेगळा, म्हणजे भाषेचं दुखणं नव्या घरात राहायला गेलं एवढंच. शिवाय सेट नेटवर्कवर आला की दूर बसून तो चालवण्याचा मोह होतो. आपल्याकडे परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. तळेगाव ढमढेरेच्या शेतातला सेट कोथरूडमधून चालवला तर ऑपरेटर कुठे आहे असं धरायचं, आणि मध्ये नेट तुटलं तर प्रक्षेपण कोण थांबवणार? पहिल्याबद्दल प्रयोग सुरू करण्याआधी परवाना देणाऱ्या शाखेला लेखी विचारणं बरं. दुसऱ्यासाठी निदान अर्धं उत्तर सेटमध्येच असतं: ठरावीक मिनिटांनी प्रक्षेपण आपोआप तोडणारा टायमर. आयसी-७३००मध्ये संगणकाच्या हुकमाने सुरू झालेल्या प्रक्षेपणासाठी तो वेगळा दिलेला आहे. मेन्यूत जाऊन चालू करून घ्यावा लागतो.